सर्व्हेखाली नलूताईंचा नंबर

नलूताई गेल्या, आणि त्यांचा फोन वाजायचा थांबेना.

समोर ताईंना ठेवलेलं. बायका रडतायत. आणि फ्रिजवरचा मोबाईल एकसारखा गुरगुरतोय.

शेवटी त्यांच्या लेकीने, केतकीने, तो माझ्या हातात कोंबला. "आईच्या ऑफिसचंच असेल गं. तू बघ ना."

कशाचे फोन आहेत ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळीच आमचा सर्व्हे गेला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नलूताई आमच्या नगरच्या छोट्याशा ऑफिसात यूएक्स रिसर्चर होत्या. म्हणजे ॲप वापरताना माणूस कुठे अडतो ते शोधणाऱ्या. मी त्यांच्या हाताखाली. आमचं ॲप नागापूर एमआयडीसीतल्या कामगारांना कंपनीची बस कुठवर आली ते दाखवतं.

पहिला सर्व्हे आम्ही सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पाठवला होता. 'ॲप आवडलं का?'

सगळीकडे पाच स्टार! मी तर पेढे वाटायच्या बेतात.

ताईंचा चेहरा उतरला.

"एवढं गोड? काहीतरी गडबड हाय गं." ताई मूळच्या कर्जतच्या. काळजीत पडल्या की भाषा थेट गावाला जायची.

"अहो ताई, लोकांना आवडलंय!"

"गप. जेवायला बोलावून 'भाजी कशी झालीय' इचारल्यावर कुनी खारट म्हनतं का? अन् इथं तर वाढनारा सुपरवायझर."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी त्या स्वतः गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. बायकांशी बोलल्या. परत येऊन म्हणाल्या,

"त्यांना वाटतंय, तक्रार कोण करतंय ते हुडकायलाच हे पाठवलंय."

मग दुसरा सर्व्हे. 'आवडलं का' उडवलं. 'काल बस कुठे थांबली?' 'तेव्हा ॲपमध्ये काय दिसत होतं?' असलं साधंच. 'आमच्याशी बोलायचं असेल तर तुमचा नंबर द्या.'

आणि सगळ्यात खाली ताईंनी स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा नंबर टाकला.

'उत्तर कुणी दिलं ते कंपनीला कळणार नाही. शंका आली तर मला फोन करा.'

पाठवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "आपन शब्द देतोय गं. पाळता येईल ना?"

मला हसू आलं होतं. काय बाई ही, साध्या सर्व्हेचा एवढा बाऊ!

पहाटे अटॅक आला. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत.

तर तो फोन. मी मागच्या गॅलरीत जाऊन घेतला. पलीकडे कामगारांपैकीच एक बाई.

"नलूताई हायेत का?"

"मी त्यांच्याबरोबर काम करते. बोला ना."

"त्या सर्व्हेत मी खरं लिव्हलंय वो. सेकंड शिफ्ट सुटली की बस गेटाला येतच न्हाई. पार हायवेला अंधारात चालत जावं लागतं. मोबाईलमधी मात्र दावतं, बस आली. आमी समद्यांनीच लिव्हलंय. पन मी नंबर बी दिलाय. नाव न्हाई ना निघनार? काम जाईल माझं."

"नाही निघणार."

"त्यांना द्या की फोन. त्यांच्या तोंडून ऐकलं की बरं वाटंल."

आत ताईंना उचलायची तयारी चाललेली.

"त्या आत्ता बोलू शकत नाहीत. पण मी शब्द देते."

फोन ठेवला. शब्द देणारी मी कोण?

अमरधाममधून घरी येते तोवर आमच्या ऑफिसच्या सरांचा मेसेज. आधी हात जोडलेले. त्याखाली, 'सर्व्हेचा रॉ डेटा पाठव. नंबरसकट. क्लायंट कंपनीला बघायचंय कोण काय म्हणतंय ते.'

तेव्हापासून जेवण जात नाही. सरांना 'ताप आहे' म्हणून थाप मारली. मी अजून प्रोबेशनवर आहे हो.

आई म्हणते, "पाठवून दे आणि मोकळी हो. तुला काय करायचंय?"

तिचंही खरंय. ही नोकरी गेली तर असलं काम नगरात दुसरं कुठे मिळणार?

ताईंचा फोन केतकीने माझ्याकडेच ठेवलाय. आज सकाळी त्यावर तीच बाई परत. या खेपेला खोटं बोलवेना. सांगून टाकलं, ताई गेल्या.

तिकडे बराच वेळ नुसते हुंदके.

मग हळूच, "मग आता शंका आली तर आमी कुनाला फोन करायचा?"

मी माझा नंबर दिला.

आणि लॅपटॉप उघडला.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, म्हणून इथेच सांगते. समोर येऊन सांगायची छाती नाही माझी. नंबरांचा कॉलम मी डिलीट केलाय. बॅकअपमधूनसुद्धा. बाकीची सगळी उत्तरं तुम्हाला मेल केलीत. बस गेटाला येत नाही हे त्यात स्वच्छ दिसतंय. कोण म्हणालं ते आता मलाही सांगता यायचं नाही.

उद्या काय होईल माहीत नाही.

ताई, त्या सर्व्हेचा एवढा बाऊ का करत होतात ते कळलं हो मला.

लई काळजी केलीत सगळ्यांची. आता निवांत जा.

फोन मी उचलते.