नीकांद्रोचा पाव

पहाटेपासून समुद्राकडचा दमट वारा सुटला होता आणि पीठ काही फुगायचं नाव घेत नव्हतं. एर्सिलियामावशीनं परातीवरचं फडकं उचललं, झाकलं, दाराशी गेली, परत येऊन पुन्हा उचललं.

"बस की घडीभर," भट्टीत लाकडं सारत मी म्हणाले.

"बसल्यानं फुगतंय व्हय पीठ?" शेजारीण असले तरी माझ्यावर ती हक्कानं खेकसते.

सप्टेंबरातल्या या दिवशी आमच्या गावात मेलेल्यांचे पाव भाजतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा जीव वाचवायला चर्चमध्ये शिरलेली माणसं कोसळलेल्या छपराखालीच गेली. नवं चर्च त्याच जागी आहे. ज्याचं माणूस गेलं त्यानं वेदीपुढच्या फळीवर पाव ठेवायचा, नाव मोठ्यानं घ्यायचं. मिस्साची प्रार्थना झाली की परक्या घरानं तो उचलून न्यायचा आणि खाऊन संपवायचा.

मावशीचा पाव दरसाल एकच, बापाचा. थोरल्या भावाचा, नीकांद्रोचा कधीच नाही. पोराचं प्रेत सापडलं नव्हतं. कुणा गाडीवानानं तो बंदराच्या वाटेनं पळताना पाहिला म्हणे, आणि आई मरेपर्यंत तेवढ्या बोलण्याला चिकटून राहिली. "जित्याच्या नावानं पाव भाजलास तर तूच त्याला मारलास," असं तिनं लेकीला बजावलं होतं.

आज परातीत दोन गोळे होते. मी पाहिलं तशी तीच बोलली.

"माझ्यामागं त्याचं नाव घेणारं कोण हाय?" मग लगेच, "आन् जिता असला तर गं?"

"मावशी, नव्वदीला टेकला असता."

"आमच्यात जगतात माणसं."

चर्चकडे जाताना ती दोनदा माघारी वळली. एकदा भट्टीचं झाकण बघायला, एकदा उगाचच. बापाचा पाव तिनं ठेवला, "साबीनो, माझा बाप," म्हणाली. दुसरा शालीखाली तसाच धरून बाकावर येऊन बसली. उठली, परत बसली.

मागच्या बाकावर पार्दो होता. द्राक्षांच्या बांधावरून दोघांचं जन्माचं वाकडं. "मुंग्या चावतात का गं?" तो कुजबुजला.

"तुझ्या जिभेला चावू देत."

"आणखी कुणी?" फादरनी विचारलं आणि पुस्तक उघडायला लागले. तशी मावशी ताडकन उठली. फळीपाशी जाऊन शालीतून पाव काढला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली.

"कोण?" ठार बहिरी ब्रिजिदा पहिल्या बाकावरून ओरडली. "कुणाचं नाव घेतलं बाईनं?"

मावशीचे हात पावावरून निघेनात. मला वाटलं, आता उचलून नेते परत.

"नीकांद्रो!" ती ओरडली. "माझा भाऊ! मेला तो. हितंच मेला!"

मिस्सा कशी संपली कुणास ठाऊक. लोकांनी एकमेकांचे पाव उचलले. नीकांद्रोचा तेवढा फळीवर पडून राहिला. आईचं ते बजावणं सगळ्या गावाला माहीत. जित्याचा पाव आपल्या पोटात कोण घालणार? मावशी शालीचं टोक पिळत उभी होती.

पार्दोनं काठी बगलेत मारली, पुढे होऊन पाव उचलला आणि दारातच, सगळ्यांदेखत, मोडून तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला.

"मीठ घालायचं विसरलीस," तो म्हणाला.

"चीज लाव वरनं, चिकट्या. घरात असलं तर."

"लावीन की."

"टाकायचा न्हाई हं. समदा संपव."

"माझे दात बघितलेस? आठवडा लागंल."

"लागू दे," मावशी म्हणाली.

घरी येऊनही ती टेकली नाही. शाल खुंटीला अडकवली, पाणी प्यायली, अर्धा पेला तसाच ठेवला. कोपऱ्यात सॉससाठी ठेवलेल्या टोमॅटोच्या टोपलीवर चिलटं घोंगावत होती. खालचे फुटायला लागले होते.

"बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "सुरी आण. सडके बाजूला काढ, डुकराला होतील."