आयर्लंडची तीन पोती

भाच्यानं मामाला फसवलं आणि त्याच दिवशी मलाही फसवलं. मामा म्हणजे पेठ वडगावचे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मी शिवाजी पेठेतला रद्दीवाला. हातगाडीवर सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे.

भाच्यानं मला वडगावला बोलावलं. खोलीत तीन पोती भरून ठेवलेली. "मामा गेलं," तो मान खाली घालून म्हणाला, "खोली भाड्यानं द्यायची हाय. एवढं घेऊन जावा." मयताच्या घरी मी घासाघीस करत नाही. धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, आणि भाच्यालाही होतं, हे मला नंतर कळलं. त्यानं तोंडाला येईल तो दर सांगितला. मी निमूट दिला, वर हातही जोडले.

गोदामात पोतं सोडलं तर आत जाड कार्डं. प्रत्येकावर बारीक मराठी अक्षरात आयर्लंडच्या संसदेतला एकेक सभासद, सगळे गेल्या शतकातले. आधी काय करत होता, निवडून कसा आला, पडला कसा. कागदाची जात बघायला एक काढलं आणि उभ्यानंच दहा-बारा वाचली. एक जण तुरुंगातून सुटून सभागृहात गेला. ज्यांच्यावर बंदूक रोखली होती, तेच समोरच्या बाकावर. दुसरा किराणा दुकानदार. गावातलं एकही मयत चुकवलं नाही, म्हणून मरेपर्यंत निवडून आला. त्याच्यामागं बायको उभी राहिली, मग मुलगा. मी मोठ्यानं हसलो. हे तर आमच्याकडचंच की! तिथं मतदार नावांपुढं एक, दोन, तीन अशी पसंती लिहितात म्हणे, आणि मोजणी फेऱ्यांवर फेऱ्या चालते. एक बिचारा पहिल्या फेरीत पुढं होता, शेवटच्या फेरीत पडला. त्याच्या कार्डावर समासात लिहिलं होतं, 'पुढं काय केलं? शोधणे.'

पण धंदा तो धंदा. कागद कारखान्याचा माणूस ट्रक घेऊन आला. मी चढ्या दरानं घेतलेला माल त्याला नेहमीच्या दरानं हवा होता.

"शाईनं लिवलेला कागद ह्यो. ह्याला कोण जास्त देतंय?"

"कार्डाची जाडी बघ की! डोळं फुटलं काय तुझं?"

तो हसला आणि माझं डोकं फिरलं. ट्रकवर चढवलेली तिन्ही पोती मी स्वतः खाली ओढली. बायको म्हणाली, "अहो, या रागापायी एक दिवस गोदामाला टाळं लागंल."

पंधरा दिवसांनी दारात रिक्षा थांबली. काळा चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ उतरले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलीकडं होते, परतले तर खोली रिकामी, शेजाऱ्यांनी रद्दीवाल्यानं पोती नेल्याचं सांगितलं म्हणून रद्दीवाल्यांकडं चौकशी करत फिरतोय, असं सांगू लागले. कुठली खोली हे कळल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्ही तर वारला होता की!"

"मी? कधी?"

"भाचा म्हणाला तुमचा."

ते पायरीवरच बसले. "म्हणजे कार्डं गेली? वीस वर्षांचं काम आहे हो. दुसरी प्रत नाही."

मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि त्यांचा हात पोत्यावर ठेवला. त्यांनी एक कार्ड काढलं, अगदी नाकाशी धरलं, वाचलं आणि परत जागेवर ठेवलं. मग तिन्ही पोती एकामागून एक चाचपली. माल विकला गेला नाही म्हणून एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

"आता घासाघीस करता येईल, सर. तुम्ही जिवंत हाय."

"करा की मग!"

आम्ही दोघं हसत सुटलो. पैसे मी घेतले नाहीत. शेवटच्या फेरीत पडलेल्याचं पुढं काय झालं, एवढंच विचारलं.

"बहुतेक शेती केली. पुरावा नाही अजून," ते म्हणाले.

रिक्षात पोती चढवताना ते म्हणाले, "भाच्याचं सोडून द्या. बहिणीचा मुलगा आहे."

सरांनी सोडलं असेल. भाचा मात्र वडगावात सांगत फिरतोय, रद्दीवाल्यानं न विचारता पोती उचलली म्हणून. त्यानं मामाला घेऊन माझ्या दारात यावं. मामासमोर उभं राहून सांगावं, पोती कुणी उचलून दिली, आणि जिवंत माणसाला मारून दर ठरवताना माझं तोंड कशासाठी बांधलं.