पाच पानांची बोली

चष्मेवाल्यांचं दुकान खाली, घर वर. गिऱ्हाइकाच्या नंबरातला पावाचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. रविवारी दुपारी मेहुणा आणि त्याची बायको ब्रिज खेळायला येत. चष्मेवाल्यांची भिडू त्यांची बायको, एकतीस वर्षं तीच. दोघांचं पहिल्यापासून ठरलेलं होतं : 'एक बदाम' किंवा 'एक इस्पिक' म्हणून बोली उघडायची, तर त्या रंगाची निदान पाच पानं हातात हवीत.

"भावजी, ताईकडे किती असतील?" मेहुणा दर वेळी विचारी.

"पाच. कमी नाहीत," ते छातीठोक सांगत. मग 'दोन बदाम' किंवा 'दोन इस्पिक' म्हणत तिची बोली उचलून धरत, आपली पानं टेबलावर उघडी मांडत आणि आता खेळणार ती, म्हणून चहा टाकायला उठत.

त्या रविवारी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. ती म्हणाली, "एक इस्पिक." त्यांनी पानं मांडली आणि बसूनच राहिले. तिच्या हातून इस्पिक पडत गेलं. एक, दोन, तीन, चार. शेवटचं पान चौकट निघालं. डाव मात्र तिनं जिंकला.

"पाचवं कुठंय?" त्यांचा आवाज चिरकला.

"नव्हतंच."

मेहुणा गडबडला. "भावजी, ताईकडे पुष्कळदा चारच असतात. आम्हाला वाटायचं, तुम्ही दोघं मिळून आम्हाला बनवताय!"

त्यांचे कान तापले. दोनदा तिची पानं उघडी पडली होती, तेव्हा ती म्हणाली होती, "किलवर इस्पिक वाटलं हो, दोन्ही काळीच." दोन्ही वेळा त्यांनी तिला खाली नेऊन नवी भिंगं बसवून दिली होती.

"आणि ते चष्मे?"

"आधीही स्वच्छच दिसायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पाचांची वाट बघत अर्धा जन्म 'पास' म्हणत बसले असते. सांगितलं असतं, तर तुम्ही साथ दिली असती?"

मेहुण्यानं पानं वाटली.

"एक बदाम," ती म्हणाली.

"किती असतील?" मेहुण्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मला माहीत नाही." हे शब्द या टेबलावर त्यांनी प्रथमच उच्चारले. त्यांच्या हातात तीन बदाम होते. समोर ती पानांच्या आड नजर लपवून बसलेली.



"दोन बदाम," ते म्हणाले.