मिलोय्का आणि घाईची घंटा

पोद्लिपा गावातल्या एकूण एक माणसाबद्दल मिलोय्काचं काही ना काही मत होतं, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटल्यावर दुसरं काय होणार? कोणाला वकिलाची पाकिटं येतात, कोण आईच्या पत्रांना उत्तरच टाकत नाही, कोण कुत्रा मुद्दाम मोकळा सोडतं, सगळं तिला पाठ. तोंडाने ती कधी बोलली नाही. चेहऱ्याने मात्र रोज बोलायची.

गावाची आणखी एक गंमत तिला पक्की ठाऊक होती. चर्चची दुपारची घंटा बाराला चार मिनिटं कमी असतानाच वाजते. घंटा वाजवणाऱ्याचं घड्याळ पुढे, त्याच्या बापाचंही पुढेच होतं. दुरुस्त कोण करणार? घंटा झाली की पोद्लिपात बारा वाजले. हातातलं काम टाकायचं आणि ताटावर बसायचं. टपालाची बस खऱ्या वेळेवर सुटायची, म्हणून खरे बारा कधी वाजतात याची फिकीर अख्ख्या गावात एकट्या मिलोय्कालाच.

निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी चेरी काढताना शिडीवरून पडली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, डावा घोटा गेला. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने छान जुळलंय हो."

"वयाच्या मानाने म्हणजे? हाड जुळलंय की नाही, तेवढं सांगा."

जुळलं होतं. पण उजव्या अंगठ्यातली चिमटीची ताकद गेली ती गेलीच. रबरी चेंडू दाबून दाबून चेंडू फाटला, अंगठा होता तिथेच.

ते सगळं तिने सोसलं असतं. गावाचा सूर सोसवेना. ज्या बायकांनी एकतीस वर्षांत तिला उन्हातान्हात पेलाभर पाणी विचारलं नाही, त्या आता पावाच्या दुकानात मान तिरकी करून, आवाज खाली आणून विचारायच्या, "कशी आहेस गं?" जणू प्रेताला उटणं लावतायत. दोन वर्षं हेच.

म्हणून चौसष्टाव्या वर्षी तिने गावच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. साडेसातशे मीटर तळ्यात पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. अंतर छोटं, मुदत दोन तास.

शर्यत भरवणाऱ्या क्लबचा अध्यक्ष बोझिदार, फरशीचा दुकानदार. पायांचे केस काढतो, त्याच्या सायकली तीन, आणि तिन्ही त्याच्या न्याहारीपेक्षा हलक्या. त्याने विचारलं, "कशासाठी पण?"

"मजेसाठी."

"तसं नाही, काहीतरी हेतू असेल ना? कोणाच्या स्मरणार्थ? एखाद्या आजारासाठी?"

"मजा, बोझिदार. तुला माहीत नसेल. वाटल्यास कोणाला तरी विचार."

शर्यतीच्या दोन दिवस आधी धाकटी बहीण तोन्चका धावत आली. "अगं, त्याच्या दुकानाच्या काचेत चषक ठेवलाय. विशेष शौर्याचा."

"असेल."

"तुझ्या नावाचा! कोरूनसुद्धा झालंय. खाली लिहिलंय, जिद्दीला सलाम."

मिलोय्काने बटाटा सोलायचा थांबवला. शर्यत झालेली नाही, तिने अजून पाण्यात पाय घातलेला नाही, आणि हा गाढव पितळेवर नाव कोरून बसला. म्हणजे ही पोचणार नाही, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं! पोचली तर तिचं नाव अग्निशमन दलाच्या फळ्यावरच्या निकालाच्या यादीत लागणार, क्रमांक आणि वेळ, सगळ्यांसारखं. दोन तास उलटले तर यादी नाही. मग हा चषक, टाळ्या, आणि जन्मभर तिरक्या माना.

"मला यादीत नाव हवंय," ती म्हणाली.

"आणि नाही जमलं तर?"

"तर चषक घ्यायला तू जा. तुला रडायला छान येतं."

रविवारी बरोबर दहाला शिट्टी झाली. पुढचे पुरुष असे तुटून पडले, जणू तळ्यात फुकट सॉसेज टाकलेत. मिलोय्का मागून, डाव्या हाताच्या जोरावर, बेडकासारखी निवांत गेली. सत्तावीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा सायकलींच्या आवारात तिची एकटीची तीन गिअरची पोलादी सायकल उरली होती.

आता हेल्मेट. नियम असा, की हनुवटीखालचं बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. बक्कलाला दोन चिमटी लागतात आणि तिच्याकडे होती एक. घरी तिने युक्ती बसवली होती: उजवं टोक हनुवटी आणि खांद्यामध्ये धरायचं, डावं त्यात ढकलायचं. घरी चौथ्या खेपेला लागायचं. इथे ओल्या हातांनी पाचवी खेप चालली होती, तेवढ्यात बोझिदार ध्वनिक्षेपक घेऊन आत घुसला. यंदा त्याची पाठ दुखत होती, म्हणून तो बोलायच्या कामावर होता.

"पाहा मंडळी, आपली मिलोय्का आजी!" असं ओरडत त्याने वाकून खटकन बक्कल लावून टाकलं. वर गालावर एक थोपटणं.

"मी तुझी आजी नाही. हात काढ!"

पंच नेवेन्का दोन पावलांवर उभी होती. शेजारच्या खोऱ्यातून आलेली, उन्हाने रापलेली कोरडी बाई, गळ्यात स्टॉपवॉच. "बाहेरच्याची मदत," ती म्हणाली. "अशाने बाद करावं लागेल."

"अहो, मी अध्यक्ष आहे!" बोझिदार म्हणाला.

"म्हणूनच बाहेरचे." मग मिलोय्काकडे वळून, "होतं तसं करा आणि स्वतः लावा. मग माझी हरकत नाही."

मिलोय्काने डाव्या हाताने बक्कल सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मान वाकडी, तोंडात केस, नाकातून तळ्याचं पाणी. कुंपणापलीकडून कोणीतरी हळहळलं, "अरेरे, बिचारी." त्या अरेरेने अंगात असं काही चढलं, की सातव्या खेपेला बक्कल बसलं. पाच मिनिटं गेली होती.

सायकलचा रस्ता म्हणजे तिची जुनी टपालाचीच फेरी. कुठे चढ, कुठे खड्डा, कुठल्या फाटकामागे कुत्रा, डोळे मिटून सांगितलं असतं. महागड्या सायकलवाला एकजण चेन पडून कडेला बसला होता. "काकू, तुम्हाला चेन लावता येते का?" त्याने विचारलं.

"येते," ती म्हणाली आणि पुढे गेली. बाहेरच्याची मदत चालत नाही, हे त्याला कोणीतरी शिकवायलाच हवं होतं.

पळण्यात मात्र घोट्याने सूड घेतला. लाकडाचा असल्यासारखा पाय टाकत, खेचत ती चालली. श्वास असा, की समोरची मेणबत्ती विझावी. शेवटच्या वळणावर साडेतीनशे मीटर उरले आणि चर्चची घंटा वाजली.

पाणी देणाऱ्या बायकांनी लगेच पेले एकात एक घातले. "बारा वाजले गं मिलोय्का! झालं, चल आता जेवायला."

"तुमच्या घंटेचे वाजले," ती म्हणाली. एवढं बोलण्यातही दोन श्वास वाया गेले.

तिकडे तळ्याकाठी जेवणाच्या कढईवरचं झाकण निघालं होतं. सॉसेज घातलेल्या घेवड्याच्या आमटीचा वास आला म्हटल्यावर पोद्लिपाला कोण अडवणार? शेवटच्या रेघेवरची वेळ टिपणारी चटई गुंडाळून कोणीतरी काखेत मारली, हवेच्या कमानीतली हवा सोडली, आणि बोझिदारचा आवाज तळ्यावर घुमला, "मित्रहो, सगळेच पोचत नसतात. पण पोचण्यापेक्षा जिद्द मोठी! आपली मिलोय्का आजी..."

एकतीस वर्षांत तिने खूप शिव्या गोळा केल्या होत्या. उरलेल्या अंतरात त्यातल्या जवळपास सगळ्या वापरल्या, आणि घोटा आहे की नाही ते विसरून पळाली.

लोळागोळा झालेल्या कमानीपाशी खडूची रेघ राहिली होती. रेघेशी नेवेन्का एकटी उभी होती. मिलोय्काने रेघ ओलांडली. नेवेन्काने बटण दाबलं.

"एक तास, अठ्ठावन्न मिनिटं, एकतीस सेकंद."

बोझिदार एका हातात आमटीचं ताट, दुसऱ्यात चषक घेऊन धावला. "असं कसं? बारा वाजून गेले! घंटा झाली!"

नेवेन्काने स्टॉपवॉच त्याच्या नाकापुढे धरलं. "मी पलीकडच्या खोऱ्यातली आहे. तुमच्या घंटेचं मला काही सांगू नका." आणि पेन्सिलीने वहीत लिहिलं.

तो चषक तसाच धरून उभा राहिला. "मग याचं आता काय करू?"

"त्यावर स्वतःचं नाव कोर," मिलोय्का गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली. "पाठ बरी होईल तेव्हा लागेल. आणि तो आमटीत बुडवू नकोस."

सोमवारी फळ्यावर यादी लागली. एकशे सतरा नावं छापील, आणि तळाशी हाताने लिहिलेलं एक. तोन्चका कुरकुरली, "हातानेच लिहिलंय गं. बाकी सगळं छापील, तुझंच तेवढं..."

"वाचता येतंय ना?"

पावाच्या दुकानातली एक बाई मागून आली. मान तिरकी झाली, आवाज खाली आला. "कशी आहेस गं?"

"एकशे अठरावी," मिलोय्का म्हणाली आणि सायकलवर बसली.