भाऊजींचा किल्ट, माझी ओढणी

मला माझ्या दिराचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोलले तर ते कुठून येतंय हे कळेल. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

त्यांनी पहिल्यांदा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष घालतात तो स्कर्ट, बाहेर काढला त्या सकाळी मी ओढणी शोधत होते. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत सव्वासातला कचऱ्याची घंटागाडी येते. कोपऱ्यावर तिचं गाणं ऐकू आलं की हाताशी तीन मिनिटं असतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अंगात गाऊन. आता गाऊन म्हणजे काय, तर गळ्यापासून घोट्यापर्यंत पोतं. आत माणूस आहे की गहू, हेही कळू नये असा. तरी त्यावर ओढणी घेतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याजणी तशाच उतरतात. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने छातीवरची ओढणी धरलेली. तळमजल्यावरच्या काकू तर एकदा घाईत सोफ्याचं कव्हर पांघरून आल्या होत्या, पण आल्या झाकूनच.

तर मी ओढणी शोधतेय, गाणं जवळ येतंय, आणि भाऊजी त्यांच्या खोलीतून बाहेर आले. वर टी-शर्ट. खाली काळा, गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला स्कर्ट. पोटऱ्यांवर केसांचं जंगल. "द्या वहिनी, मी जातो," म्हणाले, माझ्या हातातून बादली घेतली आणि गेले खाली.

मी धावत गॅलरीत. म्हटलं आता बघूया मजा. खाली सगळ्यांच्या माना वळल्या. मग कुणीतरी "अय्या!" म्हणालं. मग एकीने विचारलं, "शिवून घेतला का हो?" ते म्हणाले, ऑनलाइन मागवला. दुसरी म्हणाली, "खरंच, उकाड्यात किती बरं वाटत असेल ना." झालं! ओढण्या सावरत सगळ्याजणी त्यांना त्यांच्या उकाड्याबद्दल विचारत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भाऊजी चाळिशीचे. लग्न केलं नाही, करणारही नाहीत. कॉम्प्युटरवरचं काम, आधी पुण्यात होते, घरून काम करायची सोय झाल्यापासून आमच्याकडेच आहेत. दिवसभर खुर्चीत बसून मांड्यांना घामोळं आलं, तिथून हे सुरू झालं. मी म्हटलं, लुंगी लावा. तर म्हणे लुंगी सुटते. आणि नंतर एकदा सरळच म्हणाले, "वहिनी, घामोळं गेलं कधीच. मला आवडतो म्हणून घालतो." आवडतो म्हणून! हे कारण आमच्या घरात कपड्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला वाटलं होतं सासूबाई त्यांना उभं-आडवं घेतील. सासूबाई नामपूरच्या. मुलांशी अहिराणी बोलतात, माझ्याशी मात्र शुद्ध मराठी, बावीस वर्षं झाली तरी. त्यांनी चष्मा लावला, किल्टचं टोक बोटांत धरून पाहिलं आणि विचारलं, "नेसस का घालस?"

प्रश्न बरोबर होता. शिवलेलं, बंद असलेलं ते आपण घालतो. उघडं कापड अंगाभोवती गुंडाळलं की नेसतो. पँट घालतात, साडी नेसतात. भाऊजींनी बाजूचे दोन चामडी पट्टे सोडून दाखवले. आत त्यांची हाफ पँट होती, घाबरू नका. किल्ट म्हणजे एक लांबच लांब कापड, कमरेला गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचं.

"मंग धोतरच शे," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला. विषय संपला. एका क्रियापदावर सुटले भाऊजी!

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हटलं, आई, मीसुद्धा बावीस वर्षं नेसतेच आहे की. मनातच म्हटलं. मोठ्याने म्हणायची हिंमत असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

माझं बालपण देवळाली कॅम्पातलं. वडील तिथे लष्कराच्या कचेरीत कारकून. कॅम्पात आम्ही मुली स्कर्ट घालून सायकली हाणायचो, कुणाला काही पडलेली नसायची. एकदा परेडला किल्ट घातलेलं बँडपथक आलं होतं. मिशाळ, धिप्पाड जवान, आणि पायांत गुडघ्यापर्यंत मोजे. आम्ही मैत्रिणी खिदळत राहिलो. वडिलांनी माझ्या डोक्यात टपली मारली, म्हणाले, "हसतेस काय? मानाचा पोशाख आहे तो." मला आज वाटतं, तिथेच विचारायला हवं होतं, की मानाचा म्हणजे कुणाच्या मानाचा.

लग्न होऊन आले तेव्हा पेटीत एक स्कर्ट होता. लांब, पायघोळ, निळ्या फुलांचा. घातला एकदाच, नामपूरच्या घरात, तोही माडीवर. सासूबाई रागावल्या नाहीत. त्या कधीच रागवत नाहीत, तीच तर पंचाईत आहे. "कापड छान आहे हो," म्हणाल्या. महिन्याभरात त्याचं मिक्सरचं कव्हर झालं होतं, आणि उरलेल्या तुकड्याची पिशवी. आणि मीच शेजारणीला कौतुकाने दाखवत होते, बघा आमच्या आईंच्या हाताची शिवण!

तर आता त्याच सासूबाईंच्या घरात भाऊजींच्या किल्टच्या चुण्यांना इस्त्री व्हायला लागली. कुणी करायची? सासूबाई म्हणायच्या, "तुझा हात साफ आहे गं." दर रविवारी मी टेबलावर चादर अंथरून एकेक चुणी बोटाने दाबून बसवायचे. भाऊजी कधी तो घालून बँकेत जायचे, कधी भाजीबाजारात, संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर. लोक वळून बघायचे, हसायचेसुद्धा, एकदा रिक्षावाल्याने "ओ मॅडम!" अशी हाकही मारली. भाऊजींनी घरी येऊन तोच किस्सा हसत हसत सांगितला. सासूबाईही हसल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी पाठ करून मोठी झाले, पण त्या दिवशी ती मला पोटात कळली.

खरं सांगते, मला काही त्यांचा किल्ट नको होता. मला फक्त घंटागाडीपर्यंत जायचं होतं. अंगात आहे त्या कपड्यात, ओढणी न शोधता, तीन मजले उतरून फाटकापर्यंत, आणि परत. एवढंच. मागायला गेलं तर हसू येईल इतकं छोटं मागणं. म्हणून मी ते कुणाकडे मागितलं नव्हतं.

उन्हाळ्यात पिंपळगावला नात्यात साखरपुडा होता. बागांच्या कडेला मोठं लॉन्स, पाचशे माणूस. भाऊजींनी किल्टवर पांढरा कुर्ता चढवला. यजमान माझे गाडीत घाबरून बसले होते. मी मात्र खुशीत होते. सांगायला लाज वाटते, पण मी वाट बघत होते की कुणीतरी भाऊजींना चारचौघांत धुऊन काढावं. माझी सगळी आशा मोठ्या चुलत सासऱ्यांवर होती. पांढरी टोपी, हातात काठी, ज्यांच्यासमोर अजून सुना बसत नाहीत असे ते. भाऊजी वाकून त्यांच्या पाया पडले. म्हाताऱ्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खिसं हायेत का रं ह्याला?"

भाऊजींनी दोन्ही खिशांत हात घालून दाखवले.

"लय भारी हाय की! बागंत फवारणीला बरं पडंल," असं म्हणून म्हातारबा मोठ्याने हसले, आणि मग काय, पोरं फोटो काढायला धावली. त्या हशात वाऱ्याने माझ्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. म्हातारबा खाकरले. आणि सासूबाई, माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणाल्या, "पदर."

त्याच हशात. मी पदर घेतला.

पुढच्या रविवारी मी इस्त्री करायला बसले आणि किल्ट जाळला. हात चुकला नाही. इस्त्री कडक केली, मधल्या चुणीवर ठेवली आणि वास येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. वास आला तरी अजून थोडी ठेवली. उचलली तेव्हा तिथे इस्त्रीच्या आकाराचा भुरा डाग होता, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

भाऊजी आले. डाग पाहिला. "अरे अरे! जाऊ द्या वहिनी, जुना झाला होता. तुमचा हात नाही ना भाजला?"

ह्यावर मात्र माझा धीर सुटला. ओरडायचं होतं तर रडू आलं. मी म्हटलं, "हात नाही भाजला. मुद्दाम जाळला मी. तुमचं बघवत नाही मला. तुम्ही असे उघड्या पोटऱ्यांनी गावभर फिरता आणि तुमचं कौतुक होतं. मी पायाच्या नखापर्यंत झाकलेली असते, तरी मला कचरा टाकायला जायला ओढणी लागते!"

भाऊजींना खरोखर कळलं नव्हतं. रोज त्याच घरात, त्याच दारात, आणि त्या माणसाला ती ओढणी कधी दिसलीच नव्हती. म्हणाले, "मग नका ना घेऊ. कोण अडवतंय?" आणि तिथूनच हाक मारली, "आई, वहिनी उद्यापासून गाऊनवर ओढणी घेणार नाहीत."

सासूबाई आतून शेंगा सोलत आल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "नको घेऊ की. मी कधी म्हटलं तुला, घे म्हणून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवत बसले. खरंच, म्हटलं नव्हतं त्यांनी. एकदाही नाही. मी दाराकडे निघाले की त्या ओढणी घेऊन यायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या, बस. इथे राहायला आल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं. नंतर मीच शोधायला लागले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी लागत नाही तशी. सकाळी सातलाच उठून बसले. दात घासले, केस बांधले, बादली दाराशी ठेवली. दाराला अडकवलेली ओढणी समोरच होती. तिच्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यावर गाणं वाजलं. सासूबाई सोफ्यावर चहा पीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. भाऊजी झोपलेले. यजमान पेपरात. कुणी म्हणजे कुणी मला अडवलं नाही.

मी उतरले. पहिला जिना, दुसरा, तिसरा. अंगाला वारा लागत होता. फाटकाशी नेहमीच्या सगळ्याजणी होत्या. सोफ्याच्या कव्हरवाल्या काकू फक्त म्हणाल्या, "आज लवकर?" मी म्हटलं, "हो." मनात म्हटलं, आले! एवढंसंच होतं की! एवढ्यासाठी जळत होते मी दिरावर!

घंटागाडीवरच्या दादांनी हात पुढे केला. "द्या ताई."

मी तशीच उभी.

"ताई, बादली द्या ना. सोडा की."

तेव्हा मी खाली पाहिलं. ओल्या कचऱ्याची ती बादली, भाजीचे देठ, चहाचा चोथा, सगळी घाण, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली होती. तीन मजले मी ती तशीच घेऊन उतरले होते. गाऊनवर पाणी ओघळलं होतं आणि मला पत्ता नव्हता. भाऊजींना कुणी अडवत नाही म्हणून मी जळायचे. पण त्यांना स्वतःच्या हातांनीही कधी अडवलं नव्हतं, हे मला तिथे, त्या गाडीसमोर कळलं, आणि त्यांचा असा हेवा वाटला की किल्ट जाळतानाही वाटला नव्हता.

"सोडा ताई, गाडी निघाली."

मी बादली सोडली. हात तिथेच राहिले.