आवरा म्हणायला विसरलेली किशोरी

माझी चुलत बहीण किशोरी कुठल्याही लग्नाहून वेळेवर परतलेली मी पाहिली नाही. आपल्या गाडीतून आलेलं शेवटचं माणूस परत गाडीत बसल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. एखादी मावशी नवरीच्या खोलीत गप्पा मारत बसली की ही दाराशी उभी, आणि हिच्यामुळे मीही उभा, पोटात जिलेबी आणि डोक्यात राग घेऊन.

अशी ही बाई संगणकाचे प्रोग्राम लिहिते. नवी मुंबईत काही वर्षं नोकरी करून ती बोर्ली पंचतनला परतली आणि वडिलांच्या, म्हणजे आमच्या विठोबाकाकांच्या, घराच्या माडीवर तिनं टेबल मांडलं. आमची दोघांची कंपनी आहे. तोंड माझं, डोकं तिचं. गेल्या दिवाळीआधी हाताशी एकच मोठं काम होतं. ते टिकलं तर ती गावात राहणार, गेलं तर पुन्हा जुन्या नोकरीवर ऐरोलीला. तिथे खोलीही बघून ठेवली होती. काका त्यावर अवाक्षर काढत नव्हते.

काम होतं धर्माशेठचं. त्यांची छोटी फेरीबोट माणसं आणि गाड्या घेऊन खाडीपलीकडे जाते. बोटीवर गाडीसाठी जागा हवी तर फोनवरून आधीच नोंदवा, अशी सोय आम्ही केली होती. आता हे जरा नीट ऐका. खूप जण एकाच वेळी जागा मागतात, म्हणून प्रोग्राम प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक वेगळं काम सुरू करतो. त्याला थ्रेड म्हणतात. हा थ्रेड पैसे आले का बघतो, जागा अडवतो, फोनवर निरोप धाडतो आणि संपतो. गोची व्हायची ती संध्याकाळी. जेटीवरच्या तिकीटखिडकीतला कुलदीप प्रोग्राम बंद करून घरी जायचा, आणि तेव्हा चालू असलेले थ्रेड अर्ध्यावर मरायचे. पैसे गेलेले, जागा नाही. सकाळी ती माणसं जेटीवर कुलदीपला काय काय म्हणायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ज्यानं कामाला लावलं त्यानं आधी घरी जायचं नाही," किशोरी म्हणाली आणि तिनं तसंच लिहून टाकलं. सगळे थ्रेड संपेपर्यंत प्रोग्राम बंद होणारच नाही.

त्याच संध्याकाळी कुलदीपचा फोन. "दादा, ह्यो बंदच व्हत न्हाय. मी घरी जाऊ का नको?"

कोणी एक पाहुणा अर्धी नोंदणी करून घाटात शिरला होता आणि त्याच्या फोनची रेंज गेली होती. त्याचा थ्रेड त्याच्या उत्तराची वाट बघतोय, प्रोग्राम थ्रेडची वाट बघतोय, आणि कुलदीप प्रोग्रामची. धर्माशेठ मात्र कुणाची वाट बघणारे नव्हेत. "रविवारपर्यंत नीट करा," ते म्हणाले, "न्हायतर आमची कागदाची पावतीच बरी."

"मारून टाक ना त्या थ्रेडला!" मी माडीवर जाऊन ओरडलो.

"आणि त्याच्या हातात चावी असली तर?" किशोरी म्हणाली. "एकच जागा दोघांना जाऊ नये म्हणून जागा अडवताना प्रत्येक जण आतून कुलूप लावतो. तो आतच मेला तर बाकीचे कायमचे दाराबाहेर."

"मग बस उभी, लग्नात राहतेस तशी!"

ती उठली आणि तडक शेतावर निघून गेली. थोड्या वेळानं मीही गेलो, मनधरणी करायला. जीभ माझीच सैल, दुसरं कोण जाणार?

भातकापणी चालू होती. आमच्याकडे कापणीला आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात जातात, आणि ज्याचं शेत तो बांध शेवटी सोडतो. ऊन उतरलं तसे काका बांधावर उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली, "आवरा रे! हातातली पेंढी बांधा नि या!" ज्याच्या हातात जे होतं ते त्यानं बांधलं, पुढच्या भाताला कुणी हात लावला नाही. फक्त आवडाबाई कापतच राहिल्या. कानात इअरफोन, आत गाणी जोरात. काका चिखल तुडवत गेले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे टॉवेल फडकवला, तेव्हा कुठे बाई भानावर आल्या आणि पेंढी बांधून निघाल्या. मग काका निघाले.

किशोरीनं माझं मनगट असं धरलं की मी कळवळलो.

"दादा, मी त्यांना आवरा म्हटलंच नाही रे!"

मला हसू आवरेना. आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून नेमकं तेच लिहायचं राहिलं होतं! सगळ्यांसाठी थांबायचं हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की थांबण्याआधी हाक द्यायची असते हे ती विसरूनच गेली होती.

मग तिनं सगळं नव्यानं लिहिलं. कुलदीपनं बंद म्हटलं की आधी नवं गिऱ्हाईक घ्यायचं नाही. चालू असलेल्या प्रत्येक थ्रेडला सांगायचं, आवर. जो उत्तराची वाट बघत झोपलाय त्याला हलवून जागं करायचं. पैसे आले असतील तर त्यानं जागा देऊन टाकायची, नसतील तर सोडून द्यायची, गिऱ्हाइकाला तसं कळवायचं, चावी जागेवर ठेवायची आणि निघायचं. सगळे निघाले की मगच प्रोग्रामनं दिवा मालवायचा.

रविवारी जेटीवर दिवाळीची ही गर्दी. शेवटची बोट सुटल्यावर धर्माशेठ स्वतः खिडकीशी येऊन उभे राहिले. मी देवाचं नाव घेत होतो, किशोरी नखं खात होती. कुलदीपनं बटण दाबलं. पडद्यावरच्या नोंदी भराभर पुऱ्या झाल्या, एक अर्धवट होती तिला 'जागा मिळाली नाही, सकाळी पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप गेला, आणि पडदा शांत झाला.

"झाला बंद?" धर्माशेठनं विचारलं.

"झाला."

"काम तुमचंच. चल रे कुलदीप, चहा सांग."

घरी पोचताच मी अंगणातूनच ओरडून काकांना बातमी दिली. काका आत गेले आणि चाकांची एक मोठी नवीकोरी बॅग घेऊन बाहेर आले. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

"तुझ्यासाठी आनून ठेवली व्हती," ते किशोरीला म्हणाले. "तू जाते म्हनलीस तर अडवायचं न्हाय, असं ठरवलं व्हतं मी. पन ही बॅग घरात आल्यापासनं मला जेवन गेलं न्हाय, बाय."

किशोरी त्यांच्या गळ्यात पडून रडली.

"उद्या परत देऊन येऊ," ती डोळे पुसत म्हणाली.

"दुकानदार न्हाय घेनार."

"घेईल," मी म्हणालो. "भांडायला मी येतो."