पालथी डायल

आमच्याकडे मारहाण रोज नव्हती. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. मारून झालं की नवरा बोलत नसे आणि मीही बोलत नसे. पण घड्याळांचं काम अडवून चालत नव्हतं. म्हणून आम्ही डब्यांच्या झाकणांवर भागवायचो. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची डायल सुटी करून तो एका झाकणात ठेवायचा. डायल उताणी, म्हणजे आकडे वर असले, तर ती माझी. जुना रंग काढायचा, नवा चढवायचा. पालथी असली तर हात लावायचा नाही, काम फक्त आतल्या मशीनचं, म्हणजे त्याचं. वीसेक वर्षं आमचा संसार या खुणेवर चालला. भांडण झालं असो की नसो, खूण तीच.

मी त्याला इथे ‘तो’ म्हणते आहे. तोंडावर आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं, तेवढं पुरे.

दुकान नारायण पेठेत, एका जिन्याखाली. दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतील एवढं. माझं माहेर धायरीचं, तेव्हा ते खेडंच होतं. शाळा चौथीपर्यंत. डायल रंगवायला मला सासऱ्यांनी शिकवलं, कारण त्यांच्या मुलाला धीर नव्हता. आधी बटरपेपरवर अक्षरं उतरवून घ्यायची. मग स्पिरिटने जुना रंग पुसायचा, नवा रंग पातळ पातळ तीनदा द्यायचा, धूळ बसू नये म्हणून वर काचेचा वाडगा पालथा घालायचा. शेवटी दोन-तीन केसांच्या ब्रशने अक्षरं. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून माझं अक्षर कधी चुकलं नाही. वाचता येणारा माणूस मनातलं लिहितो. मी समोर असेल ते काढायची. पुण्यात असं काम करणारं दुसरं कोणी जवळपास नव्हतं. नवरा मला मारताना उजव्या हाताला जपायचा, ते उगीच नाही. तो हात म्हणजेच दुकान होतं.

मोबाईल आले आणि लोकांनी घड्याळं काढून ठेवली. आता दुकान बंद पडणार असं वाटलं. तेवढ्यात वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. हिंजवडीच्या कंपन्यांतली, जुन्या बाजारात रविवारी सकाळी फिरणारी, जुनी स्विस घड्याळं शोधून शोधून घेणारी. त्यातला एक आमच्याकडे नेहमी यायचा. चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. “काका, आपल्याकडे दिलं की काळजी नाही,” असं म्हणायचा. मलाही काकू म्हणायचा.

एका सकाळी चहा गार होता म्हणून नवऱ्याने मला कप फेकून मारला. भुवई फुटली. मी पट्टी करून घ्यायला गेले आणि नेमका तेव्हाच तो माणूस येऊन गेला. मी परत आले तर नवरा भिंग डोळ्याला लावून बसलेला. त्याच्यापुढे उघडं घड्याळ. मनगटावरचं, पण बाजूचं बटण दाबून शर्यतीसारखी वेळ मोजता येते, असलं स्टीलचं घड्याळ. मी मागून वाकून पाहिलं. आतली एकेक पट्टी हाताने घासलेली, कडा उतरवलेल्या, स्क्रूची डोकी आरशासारखी. झाकण लावल्यावर जे कोणाला कधी दिसणार नाही, तिथेही कोणीतरी दिवसच्या दिवस घालवले होते. बघून मला रागच आला. आमच्याकडे न दिसणाऱ्या जागा मारायला असतात.

शेजारी झाकणात डायल. उताणी.

तिचा मूळचा काळा रंग उडून सगळी कॉफीसारखी झाली होती. मला वाटलं, बिचाऱ्याचं घड्याळ कुजलंय. तीन दिवस मी तिच्यावर घालवले. नवरा पाठ करून मशीनमध्ये बुडालेला, बोलणं बंदच. असा काळा रंग माझ्या हातून आधी कधी चढला नव्हता आणि पुढे चढण्याचा प्रश्नच आला नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने मागे न बघता हात पुढे केला. मी डायल ठेवली.

त्याने ती पाहिली. मग माझे केस धरले आणि डोकं शटरच्या पट्टीवर आपटलं, दोनदा.

“त्यांनी बजावून सांगितलं होतं, डायलला बोट लावायचं नाही!”

“मग उताणी का ठेवलीत?”

“बघायला.” तो धापा टाकत होता. “बघायला ठेवली होती गं.”

वीस वर्षांत त्याने एक डायल कौतुकाने बघायला ठेवली, ती ही.

तासाभरात तो माणूस आला. नवऱ्याने घड्याळ जोडून पुढे ठेवलं. माणसाने ते हातात घेतलं, उजेडात धरलं, परत काउंटरवर ठेवलं. आवाज चढवला नाही.

“कोणी केलं हे?”

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “बाईमाणूस. अडाणी आहे, साहेब.”

“काका, आधीचा तो कॉफीसारखा रंग कोणी लावलेला नव्हता. चाळीस वर्षांच्या उन्हाने झाला होता. असं दुसरं मला मरेपर्यंत मिळणार नाही. कळतंय का?”

“काळं होतं ते काळं केलं,” मी म्हटलं. “नवं दिसतंय की.”

हे बोलायला नको होतं. पण मला खरंच तसं वाटत होतं.

त्या माणसाने आत यायला काउंटरची फळी उचलली. मी अडवायला उजवा हात काउंटरच्या कडेवर ठेवला. फळी खाली आली. पहिल्यांदा सुटली असेल, मी तसं धरून चालते. मग त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं, फळी पुन्हा उचलली आणि दोन्ही हातांनी आपटली. सुपारी फुटल्यासारखा आवाज आला.

नवऱ्याने झडप घातली. मला वाटलं, माझ्यासाठी. त्याने काउंटरवरचं घड्याळ उचललं आणि छातीशी धरलं, रक्त लागू नये म्हणून.

मशीन धुवायच्या पेट्रोलची वाटी डाव्या हाताशी होती. मी ती त्या माणसाच्या डोळ्यांवर फेकली. तो गुडघ्यावर पडून ओरडायला लागला. नवरा माझा पाण्याचा तांब्या घेऊन त्याचे डोळे धूत होता, “साहेब, साहेब” करत. शेजारचा उदबत्तीवाला डोकावला.

“भांडा तुम्ही खुशाल,” तो म्हणाला, “फक्त काडी ओढू नका. माझा माल आहे इथे.”

त्या गिऱ्हाइकाचे डोळे वाचले. घड्याळ घेऊन गेला, पुन्हा आला नाही. पोलिसात तोही गेला नाही आणि आम्हीही नाही. माझी दोन बोटं वाकडी जुळली. ब्रश धरला की सटकून खाली.

प्लास्टर निघाल्यावर आठ दिवसांनी नवऱ्याने माझ्यापुढे झाकण सरकवलं. डायल उताणी.

मी डाव्या हाताने ती पालथी केली.

“काय गं हे?”

“अडाणी बाईने कशाला हात लावावा?”

त्याने हात उगारला. मी पेट्रोलची वाटी उचलली. काठोकाठ भरलेली होती. त्याने वाटीकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे, आणि हात खाली घेतला. पुन्हा कधी उगारला नाही. वाटी मी रोज सकाळी भरून माझ्या बाजूला ठेवायची.

तो मरेपर्यंत दुकानातली एकेक डायल पालथीच राहिली. गिऱ्हाइकं वाढली. कंपनीवाली माणसं लांबून लांबून यायची. “काका, ओरिजिनलला हात न लावणारे तुम्ही एकटेच,” असं म्हणायची.

तो मान हलवायचा. माझ्याकडे बघायचा नाही.